माझं दीड महिन्याचं राष्ट्रपतिपद

आमच्याकडे पाहुणे आले, चहा झाला आणि गप्पा जरा रंगात आल्या की माझा धाकटा मुलगा हळूच चपला शोधू लागतो. आता आई राष्ट्रपती होणार, हे त्याला कळतं. लेक अजून सभ्य आहे, ती बसून राहते. पण नव्या जावयाच्या कानात काहीतरी पुटपुटते आणि तो बिचारा एकदम गंभीर चेहरा करून माझ्याकडे बघू लागतो. ह्यांचं तर म्हणणं आहे की देवळीत ही गोष्ट दोनदा न ऐकलेला माणूस आता उरलेला नाही. म्हटलं, बोलायला लागले की लोक पळतात, तर लिहून ठेवावं. कागद उठून जात नाही. शिवाय सांगताना मी एक भाग नेहमी गाळत आले आहे. तो लिहिताना तरी गाळायचा नाही असं ठरवून बसले आहे.

आमचं गाव रोहण्यापासून पायी अर्ध्या तासावर. बाबा आर्वीला जिनिंगमध्ये कामाला होते, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांवर कापूस घेऊन. माय शेतात जायची. आणि घर चालवायची शेवंताआत्या. ही बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर एक पत्र्याची पेटी आणि एक दगडी जातं घेऊन ती आमच्याकडे आली होती. पेटीत काय होतं ते तिनं कधी दाखवलं नाही, जातं मात्र रोज पहाटे सगळ्या वस्तीला ऐकू यायचं. गावात पिठाची चक्की आलेली होती, पण कण्या चक्कीत नीट होत नाहीत, ज्वारीचा चुरा होतो, असं आत्याचं ठाम मत. ज्वारी नुसती भरडली पाहिजे. दाणा फुटला पाहिजे, मेला नाही पाहिजे. त्या घरघरीवर मी झोपेतून उठायची, आणि उठल्या उठल्या खोकायची. कापसाच्या दिवसांत मला तो खोकला हमखास लागायचा. आत्या जात्यावरूनच ओरडायची, "उठली वाटते आमची कोंबडी!" आजही पहाटे कुठं मिक्सर फिरला की मी अर्धवट झोपेत क्षणभर तिथं जाऊन येते. मग ह्यांच्या घोरण्यानं परत देवळीला.

त्या कण्या आमच्यासाठी नसायच्या, शाळेसाठी असायच्या. आमची शाळा जरा जगावेगळी होती. पाढ्यांच्या जोडीला सूतकताई, शाळेच्या मागे भाजीचा वाफा, संडास पोरांनीच धुवायचे, आणि दुपारचं जेवण शाळेतच शिजायचं. ज्याच्या घरी ज्वारी असेल त्यानं मूठभर आणायची, नसेल त्यानं वाफ्याला पाणी घालायचं. मोठ्या गुरुजींनी हे सगळं रांधायला गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतली बाई नेमली, ती आत्या. सुरुवातीला गावातल्या चार घरांनी आपापली पोरं डबे देऊन पाठवली. आत्या काही बोलली नाही. तिनं फक्त तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी द्यायची वेळ बरोबर मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटांवर आणली. डबेवाली पोरं आधी वरण तेवढं घेऊ लागली, मग अंबाडीची भाजी, आणि पोळ्याच्या सुमाराला डबे यायचे बंद झाले. त्या चार घरांतली मोठी माणसं मात्र आत्या समोरून आली की आभाळाकडे बघत जायची.

कण्या मोठ्या पातेल्यात शिजत. सगळं वाढून झालं की तळाशी धरलेली लालसर, कुरकुरीत खरवड उरायची. दीडशे पोरांत ती फार तर दोघांच्या वाट्याला. ती कुणाला द्यायची याचा आत्याचा एक हिशेब होता आणि तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. सकाळी शाळेत येताना ती मुद्दाम लांबच्या वाटेनं यायची आणि कोणत्या घरातून धूर निघालेला नाही ते बघून यायची. त्या दिवशी त्या घरच्या पोराला खरवड. दुसरीतल्या सुमीला ती बऱ्याचदा मिळायची. आम्हाला वाटायचं, सुमी आत्याची लाडकी आहे.

आता मोठे गुरुजी. उंच, वाळलेले, खादीचा सदरा कोपरावर शिवलेला. त्यांचं दैवत म्हणजे आपल्या देशाचे पहिले राष्ट्रपती. तरुणपणी त्यांनी राष्ट्रपतींना वर्ध्याला लांबून पाहिलं होतं म्हणे, तेव्हा ते राष्ट्रपती झालेले नव्हते. त्या पाहण्याची गोष्ट गुरुजी वर्षातून चार वेळा सांगत (आता लक्षात येतं, ही खोड मला कुठून लागली). रोज प्रार्थनेनंतर त्यांच्या आयुष्यातलं काहीतरी ते आम्हाला ऐकवत. खेड्यातून आलेला हुशार मुलगा, मोठी चालती वकिली सोडून दिलेला, एवढ्या थोरल्या वाड्यात राहून साधाच राहिलेला. पगारही म्हणे पूर्ण घेत नसत. पण गुरुजींचा आवाज खरा बदलायचा तो घटना लिहिणाऱ्या सभेचं सांगताना. "पोरांनो, त्या सभेत भांडणारे काय थोडे होते? आणि हे अध्यक्ष. यांनी काय केलं? ऐकलं. जे पटलं नाही तेही ऐकून घेतलं. सगळ्यात उंच खुर्चीचं काम बोलणं नसते रे, ऐकणं असते." आम्ही माना डोलवायचो. आमचं सगळं लक्ष फोडणीच्या वासाकडे.

शाळेत पोरांचं मंत्रिमंडळ होतंच, सफाईमंत्री, पाणीमंत्री वगैरे. मी सातवीत गेले त्या वर्षी गुरुजींना वाटलं, हे अर्धवट आहे, शाळा पूर्ण प्रजासत्ताक झाली पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतः एक घटना लिहिली. खाकी कव्हर घातलेली वही, चौदा कलमं, दोरीनं खिळ्याला टांगलेली. शुक्रवारी सगळ्या शाळेची सभा, सभेनं केलेला ठराव शिक्षकांवर आणि स्वयंपाकघरावरही बंधनकारक, पण तो लागू होणार राष्ट्रपतीची सही झाल्यावरच. राष्ट्रपतीला ठराव न पटल्यास एकदा परत पाठवता येईल. सभेनं तोच पुन्हा पाठवला तर मुकाट सही करायची. बाबांना मी हे शनिवारी सांगितलं तेव्हा ते हातातली भाकर खाली ठेवून म्हणाले, "घटना म्हन्जे घटना हाये बेबी. पोट्ट्यायची असो का देशाची. खेळ समजू नको."

निवडणुकीला दोन दमदार उमेदवार होते. त्यांच्या गटांत हाणामारी झाली, दोघांची नावं बाद झाली, आणि कुणाशीच भांडण नसलेलं माणूस शोधताना सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. भांडण नव्हतं, कारण कापसाच्या दिवसांत मला बोलताच येत नव्हतं. "पहिल्या राष्ट्रपतींनाही दम्याचा त्रास होता," गुरुजी म्हणाले आणि प्रश्न मिटला. माझी पात्रता एवढीच, खोकला. अशी मी त्या शाळेची पहिली राष्ट्रपती झाले.

घरी त्या दिवशी आत्यानं गूळ घालून शेवया केल्या. हातपंपावर पाणी भरताना तिनं ही बातमी जिला तिला दिली, ज्यांनी विचारलं त्यांना आणि न विचारणाऱ्यांना आधी. "आमची बेबी राष्ट्रपती झाली वो. पह्यली." माय म्हणाली, "शाळेची, सांगजा ना." आत्या म्हणाली, "ज्याले समजाचं त्याले समजते."

पद डोक्यात जायला मला तीन दिवस लागले. मी सही बसवली, शेवटी एक वेलांटी आणि तिच्याखाली दोन टिंबं. चालताना हात मागे बांधू लागले. आणि चौथ्या दिवशी (हाच तो नेहमी गाळलेला भाग) चुलीजवळ बसून मी आत्याला विचारलं, "आत्या, राष्ट्रपतीले काई वेगळं नाई भेटत का वो?"

"काय पायजे तुले?"

"खरवड."

आत्या इतकी हसली की तिचा पदर चुलीत जाता जाता राहिला. "दिल्लीतले बी खरवडच खात असन का बापा!" पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं वाढून झाल्यावर तिनं उलथनं घातलं, खरखर आवाज केला आणि अख्खी खरवड माझ्या ताटात आणून ठेवली. त्यानंतर रोज. देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींनी पगार कमी घेतला. आमच्या शाळेच्या पहिल्या राष्ट्रपतीनं खरवड सगळीच घेतली. सुमी ताट घेऊन थोडा वेळ उभी राहायची आणि मग धुवायला जायची. मला ते दिसत होतं. नव्हतं दिसत असं म्हणाले तर पुन्हा गाळल्यासारखं होईल.

हे आणखी एकाला दिसत होतं. गजानन आमचा अन्नमंत्री. डबेवाल्या चार घरांपैकी एका घरातला, सहावीतला, चष्मेवाला, आणि इतका नेमाचा की सूतकताईत तार तुटली तर स्वतःच्या नावापुढे स्वतःच फुली मारायचा. सव्वा महिना झाला तेव्हाच्या शुक्रवारी तो सभेत उभा राहिला. मी खुर्चीवर. आत्या नेहमीप्रमाणे दाराशी उकिडवी बसलेली.

"अध्यक्षबाई," गजानन म्हणाला, "कलम सहा. ताटात सगळ्यायले सारखं. खरवड सारखी होत नाई, मान्य. पण पह्यले कदी सुमीले भेटे, कदी रामाले, कदी अजून कोनाले. आता रोज एकालेच भेटते. कोनाले ते मी सांगत नाई."

दीडशे तोंडं माझ्याकडे वळली. "वाढणाऱ्याले विचारा," कुणीतरी मागून ओरडलं.

आत्या उठली. हात पदराला पुसले. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "मीच देल्ली. माया मनात आलं, देल्ली. माही भाची हाये, माहा जीव राह्यला नाई. पोट्टीनं काई म्हटलं नाई मले."

मला खोकला आला. खरंच आला की आणला, हे आज इतक्या वर्षांनंतरही मला सांगता येणार नाही. खोकला थांबला तोवर ठराव झाला होता: शेवंताबाईंनी शिजवावं, वाढू नये, वाढण्याचं काम पोरांकडे. वही माझ्यापुढे आली. मी म्हणाले, परत पाठवते. सगळ्यांना वाटलं, राष्ट्रपती आत्याला वाचवते आहे. मी कुणाला वाचवत होते ते मला ठाऊक होतं.

तो आठवडा घरात जात्याखेरीज कुणी बोललं नाही. मी दोनदा आत्याजवळ गेले. एकदा तिनं हातात परात दिली, एकदा सांडशी. पुढच्या शुक्रवारी तोच ठराव पुन्हा आला. गुरुजींकडे मी पाहिलं, मला वाटलं ते काहीतरी मार्ग काढतील. ते म्हणाले, "राष्ट्रपतीला मुख्याध्यापक सांगत नसतो," आणि खिडकीबाहेर वाफ्याकडे बघत राहिले. मी सही केली. वेलांटी आली, टिंबं विसरले. आत्यानं उलथनं पातेल्यावर आडवं ठेवलं. "ज्या हातानं वाढू नाई, त्या हातानं शिजवू बी नाई," एवढं बोलून ती निघून गेली.

त्या संध्याकाळी मी हंडा घेऊन हातपंपावर गेले तर ओट्यावर त्या चार घरांपैकी दोन घरचे कर्ते बसलेले. एक दुसऱ्याला म्हणत होता, "आमी म्हनत होतो तं वाईट होतो. आता पोट्ट्यायनंच काढली. तिच्या भाचीची सही हाये म्हन्ते खाली." दुसरा हसला. मला बघून दोघंही थांबले नाहीत. हंडा भरून वाहू लागला तरी मी दांडा मारत राहिले. आत्यानं पाच वर्षं एक शब्द न बोलता, नुसत्या फोडणीवर जे मिळवलं होतं ते मी एका सहीनं या दोन माणसांच्या हाती दिलं होतं. आणि तेही माझ्याच जिभेपायी.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. पोरांनी स्वतः कण्या शिजवायला घेतल्या होत्या. खाली करपल्या, वर कच्च्या, मध्ये गोळे. प्रार्थना झाली आणि मी हात वर केला. राष्ट्रपतीनं हात वर करायची गरज नसते, पण ते मला तेव्हा आठवलं नाही. "खरवड आत्यानं देल्ली नाई. मी मांगतली. पह्यल्या दिवशी बी मीच मांगतली. सभेत मी बोलली नाई."

गजाननाचा चेहरा पांढरा पडला. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली होती आणि ठराव त्याचा होता. त्यानं तिथंच सभा बोलावली. आत्याविरुद्धचा ठराव रद्द, हे एका दमात झालं. मग तो म्हणाला, "आता राष्ट्रपतीले काढा लागते." सगळे हो म्हणाले. कुणीतरी वही खिळ्यावरून काढली. पहिलं कलम, दुसरं, पान उलटलं, चौदावं कलम. राष्ट्रपतीला काढायचं कलमच नव्हतं. गुरुजींनी राष्ट्रपती म्हणून डोळ्यांपुढे एकच माणूस धरला होता. तसल्या माणसाला काढावं लागेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही लिहा."

मग दीडशे पोरांनी पंधरावं कलम लिहिलं. तासभर भांडले. किती जणांनी हात वर केला की काढायचं, कारण सांगायचं की नाही, राष्ट्रपतीला बोलू द्यायचं की नाही. पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "बोलू तं द्या लागते, पह्यले ऐकून घ्या लागते," आणि गुरुजी खिडकीकडे वळले. कलम झालं, त्याच्याखाली मला काढण्याचा ठराव झाला, आणि गजानन वही घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सही पायजे," तो म्हणाला. "तुयी सही झाल्याशिवाय हे लागू होत नाई."

तो अजिबात थट्टा करत नव्हता. मीही केली नाही. आधी कलमावर सही केली, मग ठरावावर. दुसरी सही करताना कुणीतरी फिसकन हसलं, मग मागची रांग, मग सगळी शाळाच हसू लागली. मला आधी रडू येत होतं, मग काय येत होतं ते कळेना. माझा धाकटा म्हणतो, जगात स्वतःच्या सहीनं स्वतःला काढणारी तू एकटीच असशील. असेन बापा. पण ते ठरवून केलेलं शौर्य नव्हतं, वहीच तशी होती.

गुरुजींनी मला आणि गजाननाला आत्याला आणायला पाठवलं. आत्या कापूस वेचायला गेली होती. आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिलो. गजाननानं घसा साफ केला. "आत्याबाई, सभेनं ठराव रद्द केला. शाळेत चाला."

"मले नाई पायजे तुमचा ठराव," आत्या बोंडातून हात न काढता म्हणाली. मग माझा चेहरा बघून थांबली. "इले काय झालं? काऊन रडून राह्यली?"

"तिले उतरवली," गजानन म्हणाला. "तिनं सांगतलं सगळं."

आत्या ओटीतल्या कापसासकट मटकन खाली बसली. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती कडाडली, "कोन म्हटलं होतं तुले बोलाले? चार शब्द मायावर आले असते, आले न् गेले असते! आपल्या घरात राष्ट्रपती काय दर साली होते का वो? मी इतलं तोंड शिवून बसली ते कायच्यासाठी?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्याच्या डोळ्यांत पाणी मी तोवर एकदाच पाहिलं होतं, ती पेटी घेऊन आली त्या दिवशी.

गजाननाला रडणं सोसत नसे. तो खाली बघत म्हणाला, "आत्याबाई, कण्या आमी केल्या आज. सुमी एक घास खाऊन वांतली."

आत्यानं मान वर केली. "पानी कितीक टाकलं होतं?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हन्ते! मुडदा बसवला तुमच्या अंदाजाचा." ती उठली, ओटी माझ्या पदरात, म्हणजे माझ्या फ्रॉकच्या घेरात रिकामी केली, लुगड्याचा काष्टा नीट केला आणि चालू लागली. गजानन तिच्यामागे जवळजवळ धावत होता. मी कापूस सांभाळत, नाक पुसत, दोन काकऱ्या, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, मागे. वाटेवर ओट्यावरची ती माणसं बसलेलीच होती. आत्या त्यांच्या अगदी जवळून गेली, मागून धावणाऱ्या, त्याच चार घरांतल्या गजाननाचा हात धरून. या वेळी आभाळाकडे तिनं पाहिलं, त्यांना ती सोय उरली नाही.

शाळेच्या वळणावर ती थांबली. मागे वळून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चाल ना वो भरभर," ती म्हणाली. "उतरलेल्या राष्ट्रपतीले घ्याले कोनी मोटार नाई धाडत."

मी कापसासकट पळत सुटले.